आधी पाय दाखवा

दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दाराशी चपलांचा ढीग केवढा, यावरूनच आपला आत किती वेळ जाणार याचा अंदाज बांधतो. त्यामुळे अकोल्यातल्या त्या दवाखान्याची पाटी मी थांबून पुन्हा वाचली. ‘चपला बाहेर काढू नये. घालूनच आत यावे.’ आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत, ‘काढायच्या तेव्हा मी सांगतो.’

पाटीवर नाव बाईचं आणि ‘सांगतो’ कसं, असा प्रश्न पुण्याकडच्या माणसाला पडेल. आम्ही वऱ्हाडातल्या बाया घरी ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलतो आणि त्यानं आमचं आजवर काही अडलेलं नाही. डॉ. वत्सला तेलगोटे शिकायला मुंबईपर्यंत जाऊन आल्या, तिथल्या मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं राहिल्या, पण बोली मात्र नेली तशी परत घेऊन आल्या. मधुमेह, थायरॉइड आणि शरीरातल्या ग्रंथींचा एकूण कारभार पाहणारी डॉक्टर, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट. हा शब्द आमच्या मामांना अजूनही उच्चारता येत नाही. ते आधी त्यांना ‘अकोल्याची बाई’ म्हणत. नंतर काय म्हणू लागले ते पुढे येईलच.

दिगांबरमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. तिवशाजवळच्या एका खेड्यात त्यांचा फुलांचा मळा आहे. झेंडू, निशिगंध, शेवंती आणि बांधाच्या कडेनं वांगी, मेथी. अमरावतीच्या फुलबाजारात त्यांची शेवंती लोक विचारून घेतात. त्यांना साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. अमरावतीचे एक डॉक्टर, माणूस भला, दर खेपेला रिपोर्ट पाहायचे, मान हलवायचे आणि एक गोळी वाढवायचे. गोळ्या वाढत गेल्या, साखर जागची हलेना. मग मामा लंगडू लागले. विचारलं तर म्हणायचे, “काटा रुतला होता.” एक काटा किती महिने रुतून बसणार?

मी पाय बघायचा होता ना, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नाही. लावला तर पाप मामाला. दिवाळीत मामा माझ्यापुढे वाकतात तेव्हा मी, केस पांढरे झालेली बाई, संकोचानं भिंतीला चिकटते, पण मामा ऐकत नाहीत. लेकींचंही तेच. मामांना दोन्ही मुलीच, दोघी आपापल्या घरी सुखात. बापाच्या पायाला त्यांनीही कधी हात लावलेला नाही. सून यायला मुलगा नव्हता. असं करत करत त्या पायांकडे बघण्याचा हक्क घरात एकट्या मामीला उरला होता, आणि तिच्या तोंडाला मामांनी कुलूप घातलं होतं.

ते कुलूप एका दुपारी फोनवर उघडलं. मामी हळू आवाजात म्हणाली, “मोज्याले ओल येते व. वासही येते. कोणाले सांगू नको म्हणते तुहा मामा.” मामा का लपवत होते तेही मला ठाऊक होतं. शेजारच्या वावरातल्या रामभाऊंचा पाय साखरेपायी गुडघ्याखाली गेला होता. मामांनी त्यावरून आपलं एक शास्त्र बनवलं होतं: जो डॉक्टर पाय पाहतो तो पाय कापतो. ज्याने दाखवला नाही, त्याचा शाबूत. फुलं तोडायला मळ्यात उभं राहता येणं म्हणजे मामांचं सगळं जगणं होतं. तो पाय गेला तर मामा घरात बसून किती दिवस काढतील, याचा विचार मला करवत नव्हता.

मग मी डॉक्टर शोधायला निघाले. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांनाच. त्यामुळे इन्सुलिनच्या रेणूविषयी मी तासभर बोलू शकते, पण त्याचा चांगला डॉक्टर कुठे बसतो हे मला सांगता येईना. चौकाचौकांत ‘मधुमेह तज्ज्ञ’ पाट्या. आणि सल्ल्यांना तर ऊतच आला. ऑटोवाल्याच्या साल्याला जांभळाच्या बियांच्या पुडीनं गुण आला होता, शेजारच्या काकूंना कारल्याच्या रसानं, आणि स्टाफरूममधल्या गणिताच्या सरांना कशानंच नाही, तरी सल्ला त्यांचाच सर्वांत लांब. शेवटी माझी जुनी विद्यार्थिनी श्रुती, जी आता नागपूरला डॉक्टरकीचं पुढचं शिकतेय, तिला फोन लावला.

“मॅडम, आता गोळ्या बदलून भागणार नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे न्या, आणि अनुभवी पाहा.”

“अगं, पाटीवर तर सगळेच अनुभवी आहेत. ओळखायचं कसं?”

“कागदाकडे किती वेळ पाहतात आणि माणसाकडे किती वेळ पाहतात, ते पाहा. अकोल्याला तेलगोटे मॅडमकडे जा एकदा. त्यांच्याकडून आलेल्या पेशंटच्या पायाची पट्टी आम्ही इथे लांबून ओळखतो.”

मामांना मी पायाचं काहीच बोलले नाही. साखरेची मोठी डॉक्टर आहे, एवढंच सांगितलं. बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मामीनं शेंगदाण्याची पुडी सोडली, दोन दाणे तोंडात टाकले आणि मूर्तिजापूर यायच्या आत मनातलं विचारून घेतलं, “तेलगोटे म्हंजे... त्या आपल्यातल्या नसतीन ना?” मला राग आला. मी काही बोलणार तोच मामा खेकसले, “दवाई घ्याले चाललो का सोयरीक कराले?” अकोला येईपर्यंत मामीनं मग नुसते दाणेच खाल्ले.

दवाखान्यात पाटी वाचूनही मामांनी सवयीनं चपला काढल्या आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून काखेत धरल्या. सिस्टरनं त्या परत पायात घालायला लावल्या. आत एक ठेंगण्या, सावळ्या, साठीला टेकलेल्या बाई, सुती साडीवर पांढरा कोट. पेशंटसाठी उंच खुर्ची, आणि त्यांच्या स्वतःसाठी एक बुटकं स्टूल. टेबलामागे मोठी खुर्ची होती, पण तिच्यावर पिशव्या ठेवलेल्या होत्या. मी रिपोर्टांची जाड फाईल पुढे केली.

“ते राहू दे व बाई. या मामा, बसा. आधी पाय दाखवा.”

मामांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “पायाले काई झालं नाही. साखरेचं पाहा.”

“साखर कागदावर दिसते, आजार पायात दिसते. दाखवा.”

“नाही बाप्पा. तू मले मामा म्हणली. मंग तू माही भाची झाली. भाचीचा हात पायाले लागला तं मले नरकातबी जागा भेटत नाही.”

यात निम्मी सबब होती आणि निम्मी खरी श्रद्धा. कुठे एक संपून दुसरी सुरू होते ते मामांनाही सांगता आलं नसतं. मला वाटलं, आता बाई हसतील किंवा चिडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या विचार करू लागल्या, जसा एखाद्या औषधाचा करावा तसा.

“बरं. मामा म्हणणं माहं चुकलं. बाबा म्हणतो.”

“मंग लेक झाली. लेकीकडूनबी पाया पडून घेत नाही आमी.”

“आन् सून?”

उत्तर मामीनं दिलं. “सून तं पडतेच. सकाळी उठून पडाले पायजे.”

“झालं मंग.” बाईंनी कोटाच्या आतून पदर ओढला आणि चक्क डोक्यावर घेतला. “आजपासून मी तुमची सून. सासरेबुवा, पाय द्या.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. सुटायला वाट नव्हती. उजवा पाय हळूहळू खुर्चीखालून बाहेर आला. बाईंनी तो मांडीवर घेतला, मोजा उतरवला, आणि जे दिसलं ते पाहून मामी तोंडाला पदर लावून रडायला लागली. करंगळीच्या बुडाशी तळव्याला घट्टा होता आणि त्याच्या आत जखम खोल गेलेली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी बोटांच्या बेचक्या उलगडून पाहिल्या, दुसरा पाय पाहिला. मग एक नायलॉनचा दोरा काढला. “डोळे मिटा. टोचलं का हो म्हणा.”

मामा डोळे मिटून ताठ बसले. बाई दोरा तळव्यावर इथे टेकवत होत्या, तिथे टेकवत होत्या. मामा वाट पाहत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, “करा न सुरू.”

बाईंचं करून झालं होतं. मला त्या क्षणी रडू आवरलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

“सासरेबुवा, पाय झोपला हाय तुमचा,” बाई म्हणाल्या. “झोपलेल्याले काटा काय न् निखारा काय. तुमचा दोष नाही त्यात. पण आता त्याच्या वाटचं तुमाले जागं राहा लागन.”

“कापता का?” मामांनी एकदाचं विचारलं.

“कापाची गोष्ट आली तं मीच सांगीन. तुमच्यासमोर, इथंच बसून. तोवर दुसरं कोणी बोललं तं त्याले माह्याकडे पाठवा.”

परतीच्या गाडीत पाय बांधलेला, इन्सुलिन सुरू झालेलं, मामी हलकी झालेली. तिनं मामांना डिवचलं, “सोयरीक कराले नव्हते चालले न तुमी?” मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “झाली तं झाली.” आणि त्या दिवसापासून अकोल्याची बाई ‘सूनबाई’ झाली.

मॅडमचा हा शिरस्ता सगळ्यांना सारखाच होता. आमच्या पुढच्या खेपेला एक निवृत्त प्राध्यापक चकचकीत बूट घालून आले होते. दार अर्धवट उघडंच होतं. ते म्हणाले, “मॅडम, फक्त रिपोर्ट बघा, मला घाई आहे.” मॅडम म्हणाल्या, “मंग रिपोर्टाले ठेवून जा, तुमी जा. तो बरा झाला का फोन करतो.” प्राध्यापकांनी बूट काढले. पथ्याचा छापील कागद त्या कुणाला देत नसत. “तुमच्या वावरात ओट्स पिकते का? मंग मी काहून लिहू?” असं विचारून ज्वारीची भाकर, तुरीचं पातळ वरण आणि अंबाडीची भाजी यांतच सगळं बसवून देत. पुरणपोळीला त्यांनी मामांना बंदी केली नाही. “एक खा. पण वरून तुपाची धार धरू नका देऊ सासूबाईले. बाईचा हात प्रेमात थांबत नाही,” असं म्हणाल्या. मामीचा हात त्यानंतर खरंच थांबला.

एकदा मामा पट्टी बांधून घेत असताना मी मॅडमना विचारलं, तुम्ही सगळ्यांचे पायच आधी का बघता? त्या आपलं काम करत राहिल्या. म्हणाल्या, “माहा बाप बडनेऱ्याले रेल्वेत गँगमन होता. बुटातल्या बुटात पाय सडला त्याचा. डॉक्टर पाह्यले आमी, पण बूट काढ असं एकानं म्हणलं नाही.”

“काहून?” मी विचारलं.

“कोणाले हात लावाचा नव्हता, कोणाले वेळ नव्हता. बाबाले दोन्ही सारखंच पडलं.” मग मामांकडे वळून म्हणाल्या, “सासरेबुवा, घट्ट नाही ना झाली पट्टी?” मामी त्या वेळी खाली मान घालून बसली होती. गाडीत काय विचारलं होतं ते तिला आठवलं असणार.

पण जखम भरेना. साखर खाली आली, पट्टी वेळेवर होत होती, तरी प्रत्येक खेपेला जखम तेवढीच. एक दिवस मॅडमनी विचारलं, “मळ्यात काय घालता पायात?”

“काई नाही,” मामा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. “फुलं देवाची. देवाच्या फुलात चपलीनं कसा शिरू?”

म्हणजे अंगणात चपला, रस्त्यावर चपला, गाडीत चपला, आणि जिथे काटे, ढेकळं, तापलेली माती, तिथे मामा अनवाणी. आजोबा तसेच होते, पणजोबाही. मला वाटलं आता मॅडमचा पारा चढणार. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर बुद्धाची तसबीर, देवाधर्माशी त्यांचं फारसं नातं नाही, हे मला दिसत होतं. पण त्या पुन्हा तसाच औषधाचा विचार करायला लागल्या.

“पूजेचं धोतर हाय का तुमचं वेगळं?”

“हाय न.”

“ते घालून बजारात जाता?”

“छ्या!”

“मंग तसेच बूट घ्या. कोरे. मळ्यातच घालाचे, मळ्यातच काढाचे. बाहेरची धूळ त्याईले लागू द्याची नाही. पूजेचं धोतर चालते तं पूजेचे बूट काहून नाही चालत?”

मामांनी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “कातड्याचे नको.”

“कापडाचे घेऊ. मऊ, मोठ्या मापाचे. आन् घालाच्या आधी आत हात घालून खडा-काटा पाहाचा. रोज. पूजेसारखं.”

बूट मीच अमरावतीहून घेतले. मामांनी मळ्यातल्या झोपडीत त्यांना हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. आजही ते तिथेच फळीवर असतात. सकाळी मामा नमस्कार करतात, आत हात फिरवतात आणि मगच शेवंतीत शिरतात. गावातली साखरवाली दोन-तीन म्हातारी माणसं आता हेच करतात, पण त्यांच्याकडे फुलं नाहीत, नुसती तूर आहे.

एवढं करूनही मधल्या काळात पायानं आम्हाला घाबरवलंच. ताप आला, सूज घोट्यापर्यंत चढली. मॅडमनी मामांना अकोल्यातच भरती करून घेतलं, शल्यचिकित्सक बोलावले आणि मग कबूल केल्याप्रमाणे बुटकं स्टूल मामांच्या खाटेशी ओढून स्वतः बसल्या. “सासरेबुवा, करंगळी वाचत नाही. ती दिली तं पाय वाचते. मी खोटं सांगत नाही.”

मामांनी त्यांच्याकडे नीट पाहून विचारलं, “तू तिथं राहशीन?”

“हात धरून राहतो.”

“मंग घे. करंगळीनं मी काय फुलं तोडतो?”

करंगळी गेली. पाय राहिला. जखम त्यानंतर भरत गेली, आणि शेवंतीच्या पुढच्या हंगामात मामा फुलबाजारात आपल्या पायांनी चालत आले, तेव्हा मी क्लासला सुट्टी टाकून तिथे उभी होते.

पुढे भेटी लांबल्या, पण मामा सासरेपण सोडायला तयार नव्हते. सगळ्या दवाखान्याला धाकात ठेवणारी बाई मामांसमोर मऊ व्हायची. “सूनबाई, डोळ्याखाली काळं काहून झालं? जेवत नाही का वेळेवर?” असं त्यांनी दरडावलं की ‘जेवतो न’ एवढंच ऐकू यायचं. मामी वांगी, मेथीची जुडी, घरचा ठेचा घेऊन जायची, आणि संक्रांतीला त्यांना वाण द्यायला विसरायची नाही. सुनेचं सगळं कौतुक, जे घरात कधी करायला मिळालं नाही, ते दोघांनी अकोल्यात करून घेतलं.

यंदा मॅडमनी दवाखाना आपल्या हाताखाली तयार झालेल्या डॉक्टरणीकडे सोपवला. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “हात थरथरते आता. दोरा कुठी टेकला ते मलेच समजत नाही. मंग पेशंटले काय विचारू?” त्यात दुःख नव्हतं. पाटी तशीच राहणार होती, बुटकं स्टूलही. मॅडम स्वतः बडनेऱ्याला आपल्या लेकीकडे राहायला जाणार होत्या.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मामांनी टोपलीभर शेवंती आणली होती. पाय तपासून झाले, नव्या डॉक्टरणीनंच तपासले, मॅडम नुसत्या पाहत होत्या. मग मामा म्हणाले, “आता तू डॉक्टर नाही न?”

“उद्यापासून नाही.”

“मंग सूनबी नाही. ते तं पाय पाह्यापुरतं होतं.”

मॅडमचा चेहरा पडला. मामी काही बोलायला गेली, पण मामांनी तिला हातानं थांबवलं. “तू मले पहिल्या दिवशी मामा म्हणली होती. ते मी मोडून टाकलं होतं. आज पुन्हा धरतो.” आणि खुर्चीचा आधार घेत, चार बोटांचा पाय बाजूला करत मामा खाली जमिनीवर बसले.

काय होणार ते कळताच मॅडमनी दोन्ही पाय घाईनं स्टुलाखाली ओढून घेतले. “नाही नाही. काईतरीच काय मामा. उठा तुमी.” आयुष्यभर लोकांचे पाय मांडीवर घेतलेली ती बाई लहान पोरीसारखी लाजली होती.

मामांनी हात पुढे केला. “बाई, आधी पाय दाखवा.”

मॅडमचे पाय हळूहळू बाहेर आले. मामांनी त्यांवर शेवंती वाहिली, डोकं टेकवलं. मग उठायच्या ऐवजी त्यांनी एक पाय उचलून मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्या उलगडून पाहिल्या, तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले,

“टाचा फुटल्या व तुह्या. तेल लावत जाय.”